राजीनाम्याच्या आडून होणारी कामगार कपात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाळूज, शेंद्रा आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत कामगाराला काढल्याचे पत्र हल्ली क्वचितच दिले जाते. त्याच्याकडून राजीनामाच लिहून घेतला जातो. माझ्या शेजारच्या, कित्येक वर्षे प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या तरुणाचे पंचिंग कार्ड पहिल्या पाळीला गेटवर लागलेच नाही. कार्यालयात बोलावून त्याच्यापुढे इंग्रजीत छापलेला कागद ठेवण्यात आला आणि सही केली तरच हिशेब मिळेल, असे सांगण्यात आले. घरभाडे थकलेल्या माणसाने सही केली, यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही.

मात्र त्या सहीने बरेच काही हातचे जाते. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कामगार स्वखुशीने गेला असे कागदावर आले, की मालक यातून मोकळा होतो.

अशी सही घेतली गेली असेल, तर ती दबावाखाली घेतल्याचे पत्र कंपनीला लगोलग स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्याची प्रत सहायक कामगार आयुक्तांकडे द्यावी. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार करण्याची मुदत अवघी ९० दिवसांची आहे, आणि ‘परत बोलावू’ या तोंडी आश्वासनावर ती सहज निघून जाते. २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही प्रथम कामगारावरच असते; म्हणून पगारपावत्या, हजेरी कार्ड व भविष्य निर्वाह निधीचे पासबुक जपून ठेवावे. बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला मागील पगारासह कामावर घेणे हाच सर्वसाधारण नियम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, औरंगाबाद खंडपीठातून गेलेल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, स्पष्ट केले आहे.

कामगार विभागाने वाळूज व जालना येथे आठवड्यातून एक दिवस, पाळी सुटण्याच्या वेळी, तक्रार नोंदवून घेणारा अधिकारी बसवावा आणि कंपन्यांनी राजीनामा मराठीत, कामगाराच्या हस्ताक्षरातच घ्यावा, असा आदेश काढावा, ही माझी मागणी आहे.

— एक निवृत्त कामगार, बजाजनगर, वाळूज