अभियंत्यांची अकादमी: सल्ल्याची बातमी कुठे?

महोदय,

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे नाव बहुधा सदस्यनिवडीच्या बातमीपुरतेच छापून येते. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे सदस्यत्व अर्ज करून मिळत नाही. विद्यमान सदस्यच नाव सुचवतात आणि मतदान करतात. अभियांत्रिकीसाठी ती देत असलेले पहिले ड्रेपर पारितोषिक १९८९ मध्ये इंटिग्रेटेड सर्किटसाठी (इलेक्ट्रॉनिक चिपसाठी) जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांना मिळाले. सन्मान रास्तच आहेत.

पण अकादमीचे खरे मोलाचे काम सरकारला सल्ला देण्याचे. सरकारी खाते प्रश्न विचारते, मग बिनमानधनाची समिती नेमली जाते. तिच्या सदस्यांची नावे व परिचय आधी जाहीर होतात, हरकतींसाठी २० दिवस मिळतात, हितसंबंध लेखी कळवावे लागतात. मसुदा बाहेरच्या परीक्षकांकडे जातो; अहवाल निघेपर्यंत त्यांची नावे समितीलाही कळत नाहीत. पैसे देणाऱ्या खात्याला मजकुरात हात घालता येत नाही. हाच या पद्धतीचा कणा!

डीपवॉटर होरायझन या समुद्रातील तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर २०१० मध्ये झालेल्या स्फोटाच्या दुर्घटनेवरचा अकादमीचा अहवाल पाहा. विहिरीच्या तळाचे सिमेंट गळती रोखत नव्हते. विहीर नीट बंद झाली आहे का, हे तपासणाऱ्या दाबचाचणीचे आकडे तेच सांगत होते, तरी ती चाचणी यशस्वी धरून काम पुढे रेटले गेले.

असा सल्ला सरकारवर बंधनकारक नसतो आणि त्याला वेळही लागतो. खात्याने प्रश्न मोघम विचारला, तर उत्तरही मोघमच येते. म्हणून निवडीच्या यादीसोबत या अहवालांतले निष्कर्षही छापावेत, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक