‘सकाळी टाकी भरा, संध्याकाळी मासे सोडा’: मत्स्यालय किटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय: दोन फुटी मत्स्यालय ‘स्टार्टर किट’मधील सदोष हीटर, निकामी बॅक्टेरिया-द्रावण आणि दिशाभूल करणारे माहितीपत्रक; पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील किट ६,४९९ रुपयांना घेतले. टाकी, मागे टांगायचा फिल्टर, हीटर, एलईडी दिवा, अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारे द्रावण), ‘जिवंत बॅक्टेरिया’ची बाटली आणि कोल्हापुरातल्या आपल्या ठरलेल्या दुकानातून मासे घ्यायचे कुपन, असे सगळे एका खोक्यात आले. टाकीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. काच चांगली आहे, सिलिकॉनचे जोड पक्के आहेत, थेंबभर पाणी गळले नाही. बाकीच्याबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागत आहे, कारण आपल्या कस्टमर केअरने माझे तीन ओळींच्या पुढे ऐकूनच घेतले नाही.

खोक्यातल्या मराठी पत्रकावर ठळक अक्षरांत छापले आहे: ‘सकाळी टाकी भरा, संध्याकाळी मासे सोडा.’ मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हे वाक्य वाचून मला शंका आली, म्हणून मासे आणण्याआधी मी आपल्याला फोन केला. ‘मॅडम, बाटलीतले बॅक्टेरिया त्यासाठीच आहेत, निर्धास्त सोडा,’ असे उत्तर मिळाले. या कॉलची नोंद आपल्याकडे असेलच.

कुपनावर दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) असा ठरीव संच होता. त्यात बदल करता येणार नाही असे दुकानदाराने सांगितले. हा संच कोणी ठरवला, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, निऑनला उबदार. गोल्डफिश वाढून सहा-आठ इंचांचा होतो, सकर तर फूटभराच्याही पुढे जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी पाणी साधारण ५७ लिटरच मावते. हे मासे पुढे राहणार कुठे? रंकाळा तलावात?

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, गोल्डफिशचे कल्ले लालभडक झाले. आधी निऑन गेले, मग दोन्ही गोल्डफिश. सकर तेवढा तगला. त्याला शेजारच्या काकांनी त्यांच्या मोठ्या टाकीत घेतले आहे.

यावर आपले लेखी उत्तर आले: ‘कोल्हापूरचे पाणी प्रदूषित असल्याने मासे दगावले. सजीव वस्तूंवर परतावा मिळत नाही.’

पंचगंगेचे प्रदूषण आम्हाला आपण सांगावे असे काही नाही. खालच्या बंधाऱ्यांवर मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि आम्ही मान खाली घालतो. पण नदीतले पाणी आणि शुद्धीकरण होऊन नळाला येणारे पाणी यांत फरक असतो. आता तर काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचे पाणीही शहरात येते. काकांच्या टाकीत त्याच नळाचे पाणी जाते आणि त्यांच्या गप्पींची पिलावळ आवरत नाही, इतकी ती टाकी सुखात आहे.

तरीही अंदाजावर बोलायचे नाही म्हणून मी थेंबांचे टेस्ट किट विकत आणले आणि एका परीक्षानळीत नळाचे, दुसरीत टाकीचे पाणी घेतले. अमोनियाचे थेंब टाकून पाच मिनिटे थांबल्यावर नळाचे पाणी पिवळेच राहिले, म्हणजे शून्य. टाकीचे पाणी हिरवे झाले. तक्त्याशी ताडून पाहिले तर ४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत चार भाग. मग टाकीतले नायट्राइट आणि नायट्रेट तपासले. दोन्ही शून्य.

हे शेवटचे दोन आकडे आपल्या तांत्रिक विभागाला दाखवावेत. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असते आणि पाणी बदलताना निघून जाते. नवीन टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात; टाकी सायकल होणे म्हणतात ते हेच. माझ्या टाकीत अमोनिया साचला होता आणि नायट्राइट शून्य होते, याचा अर्थ पहिली पायरीसुद्धा सुरू झाली नव्हती. आपल्या बाटलीत जिवंत असे काही असते, तर त्याची एवढी तरी खूण दिसायला हवी होती. अँटी-क्लोरीन आपलेच, आपण सांगितलेल्या मापाने आधी घातले होते, त्यामुळे क्लोरीनने जिवाणू मेले असेही आपल्याला म्हणता येणार नाही.

ती बाटली मी जपून ठेवली आहे. तिच्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष नाही. जिथे असायला हवे तिथे किमतीचे स्टिकर चिकटवले आहे आणि ते काढल्यावर खाली कोरे निघाले. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार महिना आणि वर्ष छापणे बंधनकारक आहे. जिवंत म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणावर तारीख नसणे म्हणजे दुधाच्या पिशवीवर तारीख नसण्यासारखेच.

हीटर २६ अंशांवर लावला होता, वेगळ्या थर्मामीटरवर पाणी ३२ अंश निघाले. हीटरवरचा दिवा विझतच नाही, थर्मोस्टॅट अडकला आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो, म्हणजे एका दोषाने दुसऱ्याला हात दिला. चालू हीटरचा व्हिडिओ मी ईमेलने पाठवला होता, त्याचा आपल्या उत्तरात उल्लेखही नाही.

पत्रकात आणखी एक सूचना आहे: ‘दर पंधरवड्याला फिल्टरचे कार्ट्रिज फेकून नवीन लावा.’ जिवाणू सर्वांत जास्त त्या कार्ट्रिजमध्येच वस्ती करतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात ते खळबळून पुन्हा लावायचे असते, हे लक्ष्मीपुरीतला कोणताही मासेवाला फुकट सांगेल. आपले पत्रक मासे पाळणाऱ्याने लिहिलेले नसून कार्ट्रिज विकणाऱ्याने लिहिलेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी माशांचे पैसे मागत नाही, त्यामुळे ‘सजीव वस्तू’ची सबब इथे लागू होत नाही. माझी मागणी किटची पूर्ण रक्कम परत मिळावी ही आहे. आपल्या बिलावर परतीची मुदत छापलेली नाही. अशा वेळी सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि मी पहिली तक्रार त्या मुदतीच्या आत केलेली आहे. याखेरीज ते ठळक वाक्य पत्रकातून आणि संकेतस्थळावरून काढावे, त्या जागी चार ते सहा आठवड्यांची सूचना छापावी, आणि गोल्डफिश-निऑनचे कुपन बंद करावे. अमोनिया तपासायचे थेंब किटमध्ये घालणे आपल्याला जड जाऊ नये. त्यासाठी एलईडी दिवा थोडा कमी चमकला तरी चालेल.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. नव्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे यायचे झाले तर इकडे आपल्यालाच यावे लागेल.

बिल, टेस्ट किटच्या नळ्यांचे तक्त्याशेजारी घेतलेले फोटो, बाटलीच्या लेबलचे फोटो आणि आपले लेखी उत्तर यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. किट टाकीसह खोक्यात बांधून ठेवले आहे. फक्त बाटली आणि हीटर, आपल्याकडून लेखी पोच मिळाल्याशिवाय, मी कुरिअरवाल्याच्या हाती देणार नाही. माणूस पाठवताना संध्याकाळी पाचनंतर पाठवावा, दुपारी मी शाळेत असते.

आपली,
एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर