वडगावच्या अक्कांना, जाहीर आभार

अक्का,

काल सकाळी बाबांनी कार्डिगन आपल्या हातानं अंगात घातला. आधी दुखऱ्या खांद्याची बाही, मग दुसरी, मग खालून वर एकेक गुंडी. मला हाक मारली नाही. खांदा आखडल्यापासून डोक्यातून ओढून घालायचा स्वेटर म्हणजे आमच्या घरात रोजची आरडाओरड. आणि आपलं बेळगाव पडलं अडीच हजार फुटांवर, इथं जानेवारीत स्वेटरशिवाय पहाटे बाहेर पडणं म्हणजे दुखणं विकत घेणं. म्हणून पुढून उघडणाराच हवा होता. काल तो घालून बाबा गेटापर्यंत गेले आणि शेजारच्या काकांना थांबवून ‘पोरीनं विणलाय’ म्हणून सांगत बसले. ते खरंच, पण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं मी इथं सगळ्यांसमोर सांगते. नात तुम्हाला हे वाचून दाखवेल. मध्येच ‘पुरे की ग’ म्हणालात तरी थांबू नकोस, असं मी तिला बजावून ठेवलंय.

आधी बाकीच्यांचं सांगते, म्हणजे तुमचं मोल कळेल.

पॅटर्न वहिनीनं अमेरिकेतून पाठवलेला. त्यात सुया आठ नंबरच्या. बाजारातल्या दुकानात मी विचारलंही होतं, तिकडचा आठ आणि आपला आठ एकच का हो? ‘आठ म्हणजे आठच, मॅडम,’ असं म्हणून त्यांनी पुडकं बांधूनही टाकलं. तिकडची आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची असते. आपल्याकडं अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात आठ म्हणजे चार मिलिमीटर. वर उलटी गंगा अशी की तिकडं आकडा चढला की सुई जाड होते आणि इकडं बारीक. लोकरी विकण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? असेलही ठाऊक. गिऱ्हाइकाला सांगायला अर्धा मिनिट जातो ना.

पाठ विणून झाली तेव्हा सगळंच आखूड-अरुंद दिसायला लागलं. शिकवणीच्या बाईंकडं नेलं. त्यांनी कागद न बघताच बाजूला सारला. असली फॉरेनची डिझाइनं कशाला, आम्ही सांगतो तसं घाला आणि फीचं बघा. मग नात्यातल्या एक बाई. त्या तर फारच मायेनं पुढं झाल्या. ‘आण इकडं’ म्हणाल्या, सुई काढली आणि बोलता बोलता सगळं उसवून गुंडा करून माझ्या मांडीत ठेवला. माझ्या शनिवार-रविवारांचा गुंडा! वर चहा घेऊन गेल्या.

तुमच्याकडं मावशीनं पाठवलं. त्यावेळी करंट गेला होता म्हणून माग बंद होते, नाहीतर त्या खोलीत एकमेकींचं बोलणं ऐकू आलं नसतं. तुम्ही आधी हात धुतले, पदराला पुसले आणि मग लोकरीला हात लावला. पॅटर्नमधलं इंग्रजी मी वाचत होते आणि तुम्ही फोटोकडं बघत होता. चार इंचात अठरा टाके आले पाहिजेत असं कागद सांगत होता. मी जपून ठेवलेला एक तुकडा होता, त्यावर तुम्ही नातीची स्टीलची पट्टी ठेवली आणि नखानं मोजलं. बावीस. मागाच्या फणीत इंचाला किती तारा बसतात हे मोजत जिचं आयुष्य गेलं, तिला आणखी काय सांगायला हवं? पॅटर्नमधले १८० टाके चाळीस इंचांसाठी होते. माझ्या हातानं त्याचे तेहतीसही होईनात. बाबांची छाती अडतीस!

सुया बदलू नका म्हणालात. वीण घट्ट आलीय, ऊब धरेल, लोकर थोडी जास्त लागेल इतकंच. २२० टाके घाला. उंची इंचात दिलीय, ती तशीच धरा. झालं. दुकानदार आणि शिकवणीच्या बाई मिळून जे करू शकले नाहीत, ते करंट यायच्या आत.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट नंतरची आहे.

मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडायच्या जागेशी आल्यावर, गळ्याचेही टाके त्याच वेळी घटवायचे होते. एका बाजूला दोन टाके एकत्र विणले की ते उजवीकडं कलतात. दुसऱ्या बाजूला डावीकडं कलायला हवेत, त्यासाठी टाके आधी न विणता उचलून घ्यायचे. हे कागदावरून माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. मी पुन्हा तुमच्या दारात. तुम्ही कांडीवरचा लाल रेशमाचा धागा तोडलात, सुईत ओवलात आणि माझ्या ओळीतल्या एकेका टाक्यातून पार पलीकडं नेलात. ‘आता कितीबी उसवा, हितं येऊन थांबतंय बगा, टीचर.’ मग एक ओळ विणून दाखवलीत. किती सुबक ओळ ती! माझ्या ओळींच्या डोक्यावर ती एकदम शहाण्या पोरीसारखी बसली होती. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

आणि तुम्ही ती उसवलीत.

खसकन ओढून नाही. एकेक टाका सुईवर परत घेत, लाल धाग्यापर्यंत खाली आलात, लोकरीचा पीळ बोटानं सरळ केलात आणि विणकाम माझ्या हातात दिलंत. मी विचारलं, अहो अक्का, राहू द्यायची होती की. तर म्हणालात, ‘माझा हात घट्ट, तुमचा सैल. मधीच येगळी दिसतीय.’

कारण तेवढंच असेलही. विणणारीला ते पटतं. पण त्या दिवशी करंट आला होता, शेजारच्या खोलीत सूनबाई तुमचा माग सांभाळत होत्या, आणि मागावरचं एकेक मिनिट म्हणजे मजुरी. अशा वेळी कुणीही दोन ओळी विणून ‘घ्या, पुढं करा’ म्हणून उठलं असतं. तुम्ही स्वतःची मेहनत पुसून टाकायला आणखी वेळ घालवलात, आणि मी ती ओळ अडखळत विणून काढेपर्यंत जागेवरून उठला नाहीत. आता बाबांच्या अंगावरच्या स्वेटरमध्ये तुमचा एकही टाका नाही. मदत करणारे मला पुष्कळ भेटलेत, शाळेत तर रोज भेटतात, पण मदतीवर आपलं नाव कोरल्याशिवाय त्यांचा हात निघत नाही. वर्गखोलीला पंखा दिला तरी पात्यावर नाव असतं.

आणि एक. आपल्या ह्या भागात पाट्यांवरच्या अक्षरांवरून काय काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तुम्ही घरात कन्नड बोलता, मी मराठी शाळेत शिकवते. माझं कन्नड ऐकून तुमची सून तोंडाला पदर लावून हसली, आणि हसायलाच हवं होतं. तेवढ्यावर तो विषय संपला. चांगुलपणाला सभा लागत नाहीत.

काजं डाव्या पट्टीवर घ्या, पुरुषाचा आहे, हेही तुम्हीच आठवण करून दिलीत. कागद तर बाईमाणसाचा होता. आणि ज्या इंग्रज सरदारावरून ह्याला कार्डिगन म्हणतात, तो १८५४ साली क्रिमियाच्या लढाईत घोडदळ घेऊन थेट तोफांवर चालून गेला होता, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘गुंड्या लावत बसला असता तर माणसं वाचली असती की.’ हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं. आमच्या इतिहासाच्या सरांना फार आवडलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, कुंदा घेतला तोही नातीच्या नावानं. लोकर उरलीय, करड्या रंगाची, टोपीपुरती नक्की आहे. नातीच्या डोक्याचं माप सुतळीनं घेऊन मावशीकडं पाठवून द्या. करडा नको असेल तर तिनं तसं स्पष्ट सांगावं, गणपत गल्लीत तिला घेऊन जाईन आणि रंग तिचा तीच निवडेल. दुकान मात्र मी निवडणार.

तुमची,
टिळकवाडीची टीचर