वाद्यं थांबवणाऱ्या माणसास

श्री. केविन कॉस्टनर यांस,
सप्रेम नमस्कार.

आभार वेळेवर मानावेत म्हणतात. आमचे राहूनच गेले. व्हिटनी ह्यूस्टनला जाऊन इतकी वर्षं लोटली. दर ११ फेब्रुवारीला तिची गाणी लावायची, डोळे पुसायचे आणि 'कसला गळा होता' म्हणून उसासा टाकायचा, एवढंच आपण सगळे करत आलो. तिचं सगळ्यात मोठं गाणं, 'आय विल ऑलवेज लव्ह यू', ज्या रूपात जगाला मिळालं ते कुणाच्या हट्टामुळे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बाकीच्यांच्या लेखी तुम्ही 'द बॉडीगार्ड'मधला हीरो. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिले आभार एका आरशासाठी.

ती गोष्ट तुम्हीच तिच्या अंत्यविधीत सांगितलीत. 'द बॉडीगार्ड'च्या नायिकेसाठी स्क्रीन टेस्टचा दिवस. व्हिटनी तेव्हा कुणी नवखी पोर नव्हती. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत लागोपाठ सात गाणी पहिल्या क्रमांकावर नेलेली बाई होती ती. तरीही तुमच्या माणसांनी केलेला मेकअप तिला पुरेसा वाटला नाही. तिने तो पुसला आणि म्युझिक व्हिडिओसाठी लावायची तो आपला नेहमीचा जाड मेकअप चढवला. व्हायचं तेच झालं. त्या काळचे सेटवरचे दिवे म्हणजे शेगड्याच, विजेचा बराचसा भाग उष्णता म्हणूनच बाहेर पडायचा. जाड थरात तेल आणि मेण जास्त. उष्णतेने ते मऊ पडतं, खालून घाम सुटतो, थर त्वचेला धरून राहत नाही आणि ओघळ उतरतात. पातळ थर आणि वर पावडर असेल तर तो टिकतो. पण तिला पातळ नको होता. चार वाक्यं होतात न होतात तोच थांबावं लागलं.

त्या क्षणी सेटवर पन्नास माणसं असतील तर पन्नासांसमोर बोलणारे पुष्कळ असतात. 'अगं, तोंड बघ जरा!' तुम्ही तसं केलं नाहीत. तिला बाजूला घेतलंत, सेटवरून बाहेर नेलंत आणि आरशासमोर उभं केलंत. जे बघायचं ते तिचं तिला बघू दिलंत. ती कोसळलीच. कुणी पाहिलं का, असं तिने तुम्हाला विचारलं. भूमिका गेली नव्हतीच. निर्माता म्हणून तुमच्या हातात नाही म्हणायचं होतं आणि कारणंही तयार होती. तिने चित्रपटात कधी अभिनय केला नव्हता. ती कृष्णवर्णीय आहे याची आठवण तुम्हाला करून देणारेही कमी नव्हते. तिच्या दौऱ्यामुळे चित्रपटच वर्षभर थांबवावा लागणार होता. तुम्ही थांबलात.

आरशाजवळची ती दोन मिनिटं कुठल्याही चित्रपटाच्या इतिहासात नसतात. आमच्या दृष्टीने तुमचं सगळ्यात मोठं काम तेच. पुढे गाण्याच्या बाबतीत तुम्ही जे केलंत ते त्याच जातीचं. वरचा थर उतरवलात.

ते गाणं अमेरिकेतल्या कंट्री गायिका डॉली पार्टन यांचं, १९७४ साली आलेलं. गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून बाहेर पडताना निरोप म्हणून लिहिलेलं. चित्रपटासाठी आधी दुसरंच गाणं ठरलं होतं, पण ते दुसऱ्या चित्रपटात येऊन गेलं. तेव्हा लिंडा रॉनस्टाट यांनी १९७५ मध्ये गायलेली आवृत्ती तुम्ही पुढे केलीत. आणि एक अट घातलीत, सुरुवात वाद्यांविना. नायिकेचं प्रेम इतकं असावं की ती संगीताची वाटही बघत नाही, असं तुमचं म्हणणं. रेकॉर्ड कंपनीकडून उत्तर आलं की असं गाणं रेडिओ वाजवणार नाहीत. गाण्याचे संगीत-निर्माते डेव्हिड फॉस्टर यांनाही ते आधी पटलं नव्हतं, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने कबूल केलं. तो मोठेपणा त्यांचा. तुम्ही हलला नाहीत.

वाद्यांविना म्हणजे नेमकं काय मागितलंत, हे गाणाऱ्याला विचारावं. आपल्याकडे कितीही मोठा गवई असो, पाठीमागे तानपुरा असतो. तो कान क्षणोक्षणी जागेवर आणत राहतो. इथे सुमारे ४० सेकंद काहीच नाही. ठेका नाही, मागे धरून ठेवलेला सूर नाही. ज्यांना हे कळून घ्यायचं असेल त्यांनी घरी करून बघावं. पेटीवर पांढरी ६ चा षड्ज धरा, कारण गाणं त्याच पट्टीत सुरू होतं. सा आणि प दोन-तीनदा घोळवा आणि भाता मिटा. पायाने तालसुद्धा धरू नका. संथ लयीत पहिलं कडवं पूर्ण म्हणा आणि संपल्याबरोबर तीच पट्टी पुन्हा दाबा. बहुतेकांचा गळा उतरलेला सापडेल, कुणाचा थोडा, कुणाचा चांगला अर्धा सूर. कारणं साधी आहेत. ओळ संपताना श्वास संपत येतो, हवेचा दाब घटतो आणि शेवटचा स्वर खाली बसतो. उतरत्या जागा लागतात त्यापेक्षा मोठ्या घेतल्या जातात. आणि हळू गायचं म्हटलं की लोक पोटाचा आधारही सोडतात. आवाज कमी करायचा असतो, आधार नाही. एका ओळीत केसाएवढी चूक झाली तरी पुढची ओळ तिथूनच सुरू होते आणि चूक साठत जाते. मग वाद्यं येतात ती पक्क्या पट्टीत. गळा सरकला असेल तर तो सांधा बहिऱ्यालाही ऐकू जाईल. व्हिटनीचा सांधा ऐका. सापडत नाही.

दुसरी गोष्ट हरकतींची. तिची नक्कल करणाऱ्या मुली गाणं सुरू झालं की लगेच वळसे घालायला लागतात आणि तेही घसरत, मींड घेतल्यासारखे. तिच्या हरकती दाणेदार आहेत. प्रत्येक स्वर आपल्या जागी ठेवलेला, मगच पुढचा. आणि त्या येतात मुख्यतः ओळीच्या शेपटाशी, शब्द पोहोचल्यावर. आधी शब्द, मग दागिना. ही शिस्त रेकॉर्डिंग स्टुडिओत शिकवत नाहीत.

ती आली न्यूअर्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमधून. तिची आई सिसी ह्यूस्टन तिथे संगीत सांभाळायची. एरिथा फ्रँकलिन आणि एल्विस प्रेस्ली यांच्यामागे गायलेली ही बाई, पण रविवारी चर्चच्या गायकवृंदासमोर उभी. व्हिटनी ११ वर्षांची असताना तिथेच एकटी उभी राहून पहिल्यांदा गायली. तिथे गाणं म्हणजे प्रार्थना. पुढे म्हणणारा एक ओळ टाकतो, बाकडी उत्तर देतात, टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. अशा ठिकाणी नुसती नजाकत चालत नाही. शब्द शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे आणि म्हणणाऱ्याचा त्यावर विश्वास असला पाहिजे, नाहीतर उत्तरच येत नाही. मायामीत गाण्याचं चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तिची आई फॉस्टर यांच्याजवळ होती. आपण किती मोठं काही ऐकतो आहोत ते ध्यानात घ्या, अशा अर्थाचं ती त्यांना म्हणाली. ती लेकीचं कौतुक करत होती असं आम्हाला वाटत नाही. त्या आवाजाची घडण तिच्या हातची होती, ती कामाची पावती देत होती.

तुम्ही वाद्यं काढलीत तेव्हा खाली जे उरलं ते हे चर्च होतं. हे तुम्हाला माहीत होतं की नुसतं जाणवलं, कोण जाणे. पण तुम्हीही बॅप्टिस्ट घरातले. आजी पियानो वाजवणारी, गायकवृंद चालवणारी, आई त्यात गाणारी. लहानपणी प्रभुभोजनाचा उरलेला द्राक्षरस टोळक्याने गट्ट करायचा, या आठवणींवर तुम्ही दोघं हसायचात. एवढा मोठा तारा आणि एवढी मोठी तारका, आणि त्यांच्यातला खासगी धागा काय, तर रविवारच्या प्रार्थनेतल्या खोड्या!

शेवटचं कडवं येण्याचं श्रेय डॉलीबाईंना. रॉनस्टाट यांच्या आवृत्तीत ते नव्हतं. ते गाळू नका, असं त्यांनी फॉस्टर यांना सांगितलं. ज्याला सोडून निघालो त्याचं भलं होवो, असं ते कडवं. शाप नाही, तक्रार नाही, निव्वळ आशीर्वाद. त्याच्यानंतर गाणं थांबतं, पूर्ण शांतता, ढोलाचा एकच ठोका आणि आवाज उठतो तो पांढरी ७ वर, अख्ख्या सुराने चढून. लोक त्या चढण्यावर जीव टाकतात. पण सुरुवातीची ४० सेकंदं नसती तर हा क्षण एवढा चढला नसता. रिकामं ठेवलेलं घर होतं म्हणून त्यात एवढा आवाज मावला. रेडिओ वाजवणार नाहीत म्हणाले होते ना? १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

आता ज्यांनी तिला सांभाळायचं होतं त्यांच्याबद्दल. १९८९ साली एका पुरस्कार सोहळ्यात तिच्याच लोकांनी तिची हुर्यो उडवली, ती पुरेशी कृष्णवर्णीय वाटत नाही म्हणून. जी मुलगी कृष्णवर्णीयांच्या चर्चच्या बाकांवर वाढली तिला हे ऐकावं लागलं! १९९१ साली टॅम्पाला अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी तिने राष्ट्रगीत गायलं. तीन मात्रांचं ते गीत चार मात्रांत बसवलेलं, प्रत्येक मापाला एक मात्रा श्वासासाठी मोकळी. तेव्हा तीच सगळ्या देशाची लाडकी. आणि व्यसनाने गळा फाटायला लागला तेव्हा रात्रीच्या कार्यक्रमांतल्या विनोदवीरांना फुकटचा मसाला. २०१२ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या ज्या हॉटेलात ती गेली, त्याच हॉटेलात त्याच संध्याकाळी खाली संगीत उद्योगाची मेजवानी ठरल्याप्रमाणे झाली. तिला आदरांजली वाहून झाली, पण झाली. ती वर होती. पुढे एका साप्ताहिकाने शवपेटीतल्या तिचा फोटो मुखपृष्ठावर छापला. या सगळ्यांना कुणी आरसा दाखवला असेल का?

मृत्यूचं कारण लपवायचं कारण नाही. स्नानाच्या टबात बुडून, हृदयविकार आणि कोकेन यांचा त्यात हात होता असं शवविच्छेदनात आलं. वय ४८. एवढं सांगून लोक थांबतात आणि तिची श्रद्धा म्हणजे शोभेची होती असा सूर लावतात. त्यांनी ९ फेब्रुवारी २०१२ ची रात्र बघावी. हॉलिवूडमधल्या एका क्लबमध्ये गायिका केली प्राइस हिच्यासोबत ती शेवटचं गायली. येशू माझ्यावर प्रेम करतो, हे लहान मुलांना रविवारच्या शाळेत शिकवतात ते गाणं. विल्यम ब्रॅडबरी यांची १८६२ ची चाल, सा रे ग प ध एवढेच पाच स्वर, म्हणजे आपल्या भूपाचेच. कुणालाही जमेल असं. आवाज खरवडलेला होता, पण त्या पाच स्वरांना तो पुरला. आणि हेच गाणं २० वर्षांपूर्वी तुमच्या 'बॉडीगार्ड'मध्ये तळ्याकाठी तिच्या तोंडी होतं, ध्वनिमुद्रिकेतही होतं. अ‍ॅक्शनपटात प्रार्थनेला जागा ठेवणारा निर्माता तुमच्यासारखाच.

१८ फेब्रुवारीला तिच्याच चर्चमध्ये तुम्ही बोलायला उभे राहिलात. वाहिनीला जाहिराती दाखवायच्या आहेत, थोडक्यात आटपा, असं तुम्हाला सुचवलं होतं. मी बोलत असताना खुशाल दाखवू देत, असं तुमचं उत्तर होतं, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. सतराएक मिनिटं बोललात. मी पुरेशी चांगली आहे का, सुंदर आहे का, लोकांना आवडेन का, या प्रश्नांनी तिला मोठंही केलं आणि ठेचकळायलाही लावलं, हे तुम्ही तिच्या आईसमोर, सगळ्या बाकड्यांसमोर सांगितलंत. आणि देवापुढे गाशील तेव्हा काळजी करू नकोस, तिथे तू पुरेशी असशील, असा निरोप दिलात. तो ऐकून चर्चमधून जो हुंकार आला तो टाळ्यांपेक्षा वेगळा होता. बाकड्यांनी उत्तर दिलं होतं.

विधीच्या शेवटी तिची पेटी खांद्यांवर उचलली आणि 'आय विल ऑलवेज लव्ह यू' लावलं. पेटीमागून आई निघाली, आधार धरून चालत. ज्या चर्चमध्ये ११ वर्षांची पोर एकटी गायली होती तिथे पुन्हा तिचा एकटीचा आवाज, पहिली ४० सेकंदं, मागे काहीही नाही.

त्या ४० सेकंदांसाठी आणि त्या आरशासाठी तुमचे मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.
आपले ऋणी,
व्हिटनीच्या गाण्यावर जीव असलेले