काकांचा चोरकप्पा

महोदय,
व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये खासगी माहितीबाबतच्या नव्या अटी मान्य करण्याचा जो धोशा लावला होता, त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या मालक कंपनीला, मेटाला, सुमारे २१३ कोटींचा दंड ठोठावला. आम्ही ती बातमी एकमेकांना पाठवली, तीही व्हॉट्सअ‍ॅपवरच!

सोसायटीचा गट सिग्नल या दुसऱ्या संदेश-अ‍ॅपवर न्यायचा घाट मी घातला. संदेशातला मजकूर दोन्ही अ‍ॅपवर कुलूपबंद असतो, हे खरे. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतो, ही माहितीही कमी मोलाची नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये तपासासाठी सिग्नलकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखे निघाले ते एवढेच: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले.

‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ शेजारचे काका म्हणाले. (पासबुक मात्र ते कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवतात.) अखेर सव्वीसपैकी चार घरे आली. वाणी, दूधवाला आणि मुलांची शाळा जुन्याच ठिकाणी असल्याने ते अ‍ॅप माझ्याही फोनमध्ये अजून आहेच.

– एक वाचक, ठाणे