चष्मा न विकल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या आपल्या दुकानात मी चष्म्याचा नंबर काढून घ्यायला आलो होतो आणि आपण मला चष्मा न देताच परत पाठवले होते. तपकिरी फ्रेम मी पसंत केली होती, भावही ठरला होता, पण "काका, आज चष्मा नको, आज डॉक्टर," असे म्हणून आपण ती उचलून पुन्हा कपाटात ठेवलीत. मला त्या वेळी राग आला होता आणि तो मी बोलूनही दाखवला होता. त्याबद्दल आधी क्षमा मागतो आणि मग आभार मानतो. पत्र चारचौघांत वाचले जावे अशा रीतीने लिहीत आहे, कारण माझ्यासारखे चुकीच्या दुकानाची पायरी चढणारे आणखीही असणार.

माझी तक्रार एवढीच होती की डाव्या डोळ्यापुढे दोनदा अंधारी आली. दुकानाचे शटर ओढावे तसा वरून खाली करडा पडदा उतरला आणि पाच-सात मिनिटांत आपोआप वर गेला. दुखले काहीच नाही. त्याआधी एका डॉक्टरांनी हा मानेचा त्रास असल्याचे सांगून पट्टा दिला होता. पण त्यांना मी केवळ "चक्कर येते" एवढेच सांगितले होते, हेही कबूल करायला हवे. आपण मात्र विचारलेत की अंधारी आली तेव्हा एकेक डोळा झाकून पाहिला होता का, आणि त्यापाठोपाठ विचारलेत की उजव्या हाताला किंवा बोलण्यात काही फरक जाणवला का. तेव्हा मला आठवले की चार दिवसांपूर्वी चहाची बशी उजव्या हातातून निसटली होती, बोटे लाकडासारखी झाली होती आणि दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला होता. घरात त्यावर हसणेही झाले होते. डाव्या डोळ्याचा उजव्या हाताशी काय संबंध, असे मी जरा उद्धटपणेच विचारले. आपण उत्तर न देता दुकानाच्या चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या आणि बाहेर येऊन रिक्षा थांबवली.

तो संबंध त्याच संध्याकाळी रुग्णालयात समजला. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड नावाची मोठी रक्तवाहिनी असते. जबड्याच्या थोडी खाली तिला फाटा फुटतो, एक शाखा चेहऱ्याकडे आणि एक मेंदूकडे जाते, आणि मेंदूकडे जाणाऱ्या शाखेतूनच त्या बाजूच्या डोळ्याला रक्त मिळते. डोळा त्याच बाजूचा, पण मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून दोष डाव्या वाहिनीत असला की अंधारी डाव्या डोळ्यावर आणि दुबळेपणा उजव्या हातात येतो. मानेवर जेली लावून डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह पाहणारी तपासणी, केली तेव्हा यंत्रातून, मोटार सुरू करताना पाइपात हवा अडकल्यावर येतो तसा फुसफुस आवाज येत होता. डावी वाहिनी सुमारे ८० टक्के अरुंद झालेली होती आणि उजवी ४० टक्के.

आयुष्यभर मी दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांना ठिबकचे साहित्य विकले. नळी चोंदणे म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, अशा समजुतीत मी सर्जनसाहेबांना म्हणालो की क्षार साचले की आम्ही ॲसिड सोडून लाइन धुतो, तसे एखादे औषध द्या. त्यांनी माझीच भाषा धरली. पाणी कमी पोहोचते ही आपली मुख्य अडचण नाही, असे ते म्हणाले, कारण मेंदूला चार वाहिन्यांतून रक्त जाते आणि त्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. अडचण ही की नळीच्या भिंतीवर साचलेल्या चरबीच्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते, तिचा कण सुटतो आणि पुढे बारीक ड्रीपरमध्ये, म्हणजे डोळ्याच्या किंवा मेंदूच्या बारीक वाहिनीत, जाऊन बसतो. कण लहान असला तर विरघळतो आणि शटर वर जाते. मोठा असला तर अर्धांगवायू. पूर्ण बंद झालेल्या वाहिनीतून कण वाहून पुढे जात नाही, म्हणूनच ती सहसा उघडत नाहीत, हे ऐकून मला नवल वाटले होते.

आकड्यांशिवाय माझे समाधान होत नाही. त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासाचे आकडे सांगितले. अशी लक्षणे येऊन गेलेले आणि वाहिनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असलेले जे रुग्ण केवळ औषधांवर राहिले, त्यांच्यापैकी शंभरातील सुमारे २६ जणांना दोन वर्षांत मेंदूच्या त्याच बाजूला अर्धांगवायूचा झटका आला. वाहिनी उघडून आतला थर काढण्याची शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ होते. मात्र हा फायदा लक्षणांनंतर दोन आठवड्यांच्या आत सर्वाधिक असतो आणि दिवसांगणिक घटतो. माझी शस्त्रक्रिया आपल्या दुकानातून निघाल्यापासून सहाव्या दिवशी झाली. आपण चष्मा दिला असता तर तो तयार व्हायलाच आठवडा लागणार होता.

शस्त्रक्रिया मान बधिर करून, मला जागे ठेवून केली. उजव्या हातात दाबल्यावर चूं करणारे रबरी खेळणे दिले होते. त्या डाव्या वाहिनीतला रक्तप्रवाह थोडा वेळ अडवलेला असताना भूलतज्ज्ञ "दाबा काका" म्हणायचे आणि मी दाबायचो. आवाज आला की डावा मेंदू शाबूत. सहासष्टाव्या वर्षी ते खेळणे मी ज्या मनापासून वाजवले तसे नातवानेही वाजवले नसेल. नंतर सर्जनसाहेबांनी काढलेला थर बाटलीत दाखवला: पिवळट, कडक, दोन फाटे असलेला, अगदी सुंठेच्या कुड्यासारखा.

महिनाभर आवाज घोगरा होता. डाव्या कानाची पाळी आणि जबड्याची कड अजून बधिर आहे, त्यामुळे दाढी करताना तिथे आरशात पाहूनच वस्तरा फिरवतो. उजव्या बाजूला हात लावलेला नाही. तिथे ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबावर लक्ष आणि दर वर्षी डॉप्लर एवढेच आहे. चाळीस वर्षांची सिगारेट सुटली. मिसळीवरची तर्री सुटलेली नाही, कमी झाली आहे. नाशिककराकडून याहून जास्त अपेक्षा कोणी करू नये.

बातमी पसरल्यावर सल्लेही पुष्कळ आले. लसूण-आले-लिंबाच्या काढ्याने नसा धुऊन निघतात, असे तिघांनी सांगितले. साचलेला थर काढ्याने निघत नाही. एकाने मानेला मालीश करणारा माणूस घरी आणला, त्याला चहा पाजून परत पाठवला, कारण अशा वाहिनीवर दाब देणे धोक्याचे असते. उलट, सकाळी फिरायला येणारे माझे काही मित्र घाबरून स्वतःच डॉप्लरचे पॅकेज करायला निघाले. सर्जनसाहेबांना विचारले तर ते म्हणाले की ज्यांना कसलेही लक्षण नाही अशा सर्वांची सरसकट तपासणी करू नये, कारण शस्त्रक्रियेतही झटक्याचा धोका असतोच आणि नुसत्या रिपोर्टपायी तो पत्करावा लागू शकतो. त्या मित्रांना मी रक्तदाब मोजायला धाडले. दोघांचा वाढलेला निघाला.

ताई, आपल्या चिठ्ठीवर वेळसुद्धा लिहिलेली होती: ११ वाजून ४० मिनिटे. ती चिठ्ठी आता माझ्या फाइलमध्ये सर्वांत वर लावलेली आहे. नंबर खरोखरच वाढला आहे, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवा सांगितले. पुढच्या आठवड्यात येतो. ती तपकिरी फ्रेम गेली नसेल तर बाजूला काढून ठेवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पंचवटीतील एक निवृत्त ठिबकवाला