पित्तनलिकेच्या कॅन्सरचे रुग्ण आणि थरावरून पडलेले गोविंदा : अभ्यासनिधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

दहीहंडी तोंडावर आली. वर्गणीची पुस्तकं दारोदार फिरायच्या आत हे पत्र आपल्या हातात पडावं, म्हणून घाईत लिहितो आहे.

मंडळाचा रुग्ण साहाय्य निधी ठाणेकरांना नवा नाही. पहिल्या वर्षी जांभळी नाक्यावरच्या धान्य व्यापाऱ्यांनी गल्ल्यातली रोख थेट टेबलावर ठेवली, पावतीही मागितली नाही. नौपाड्यातल्या आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं पाकीट दर गुढीपाडव्याला येतं, वर 'नाव छापू नये' अशी सूचना. नाव छापत नाही, पण ते वळणदार अक्षर इथे कोण ओळखत नाही? चेंदणी कोळीवाड्यातल्या भगिनींनी नारळी पौर्णिमेची शिल्लक दिली, कोपरीच्या रिक्षावाल्यांनी रुग्णांची ने-आण फुकट केली. यांच्या जिवावर कितीतरी घरांचे स्टेंटचे (शरीरातली नलिका उघडी ठेवणाऱ्या बारीक नळीचे) पैसे भरले गेले. अभिमान वाटतोच.

आता नवं काम. पित्तनलिकेत, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, गाठ झाली की सुरुवातीला बहुधा दुखत नाही. डोळे पिवळे होतात, लघवी गडद, शौच मातकट पांढरं, आणि खाज इतकी की माणूस रात्री कंगव्याने पाठ ओरबाडतो. घरचे काविळीचं गावठी औषध आणतात आणि काढता येण्याजोगी गाठ तेवढ्यात हाताबाहेर जाते. दुसरीकडे थरावरून किंवा येऊरच्या कातळावरून पडलेली मुलं. यकृत फाटलं तरी रुग्ण स्थिर असेल तर हल्ली बहुतेकदा पोट न उघडता, सीटी स्कॅन करून सांभाळतात. पण काही दिवसांनी पित्त गळू लागलं, तर तोंडावाटे दुर्बीण घालून स्टेंट टाकावा लागतो, कॅन्सरच्या रुग्णाला टाकतात तसाच. प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत तुंबतो, मग थंडी वाजून ताप. बरं वाटू लागलेला गोविंदा तो काढायला फिरकतच नाही. कॅन्सरचा रुग्ण ऑपरेशननंतर गावी जातो, फोन बदलतो. पुढे काय झालं, कळत नाही. मग कोणती शस्त्रक्रिया कोणाला किती लाभली, हे सर्जनांनी ठरवायचं कशावरून?

म्हणून या दोन्ही रुग्णांचा ५ वर्षं पाठपुरावा करणाऱ्या सर्जनांच्या अभ्यासाला मंडळ हातभार लावणार आहे. फोन करायला एक पगारी माणूस, रुग्णांचं प्रवासभाडं आणि एक संगणक, एवढाच खर्च. एथिक्स कमिटीची (रुग्णांवरचा अभ्यास नीतीला धरून आहे ना, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे, रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय नोंद होत नाही.

एक बोलतोच. मागच्या वर्षी निधीचं आवाहन सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकलं, तर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. पैसे आले ते जुन्याच दात्यांकडून. २०१२ मध्ये याच ठाण्यात ९ थर लागले, ४३.७९ फुटांचा विक्रम गिनीज बुकात गेला, २०२२ मध्ये खेळाला 'साहसी' दर्जाही मिळाला. थरांना लाखांची बक्षिसं लावणाऱ्यांच्या दारातून आम्ही मात्र चहा पिऊन परत आलो. चहा चांगला होता.

चेक मंडळाच्या नावे, क्यूआर कोड कार्यालयाच्या फलकावर, रोख फक्त पावती घेऊन. रविवारी १० ते १२. जुना चालू संगणक चालेल, बंद पडलेला कृपया आणू नये, दोन आधीच पडून आहेत. फोन करायला बसू शकणाऱ्या निवृत्तांनीही नाव द्यावं.

आपला,
कार्यवाह